असुर नेमके कोण? (गीता १६.६)



आजचं वाचन गीतेच्या सोळाव्या अध्यायातला सहावा श्लोक. भगवंत अर्जुनाला सांगतात की या लोकात प्राण्यांची सृष्टी दोन प्रकारची, एक दैवी आणि दुसरी आसुरी. दैवी विस्ताराने सांगून झाली, आता आसुरी ऐक. काल पाचव्या श्लोकात अर्जुनाला धीर मिळाला होता की तू दैवी संपत्ती घेऊन जन्मला आहेस, शोक करू नकोस. उद्यापासून आसुरी माणसाचं लांबलचक वर्णन सुरू होईल. आजचा श्लोक या दोघांमधला पूल आहे, आणि पुलावर सहसा कोणी थांबत नाही.

मी मात्र इथे दरवेळी अडकतो. दोनच प्रकार? आणि कोण कुठल्या प्रकारातला हे ठरवायचं कोणी? आपण रोजच्या बोलण्यात किती सहज 'आसुरी आनंद' म्हणतो, एखाद्याला 'देवमाणूस' म्हणतो. शब्द इतके पक्के बसलेत की त्यांचे अर्थ कधी वेगळे असतील असं मनातही येत नाही. म्हणून आज श्लोकाआधी थोडं शब्दाच्या मागे जाऊ. जरा लांब जावं लागेल, पार इराणपर्यंत. सोबत या.

लहानपणी शाळेत मला सांगितलं होतं की 'सुर' म्हणजे देव आणि 'अ-सुर' म्हणजे जो देव नाही तो. ऐकायला बरोबर वाटतं, पण गोष्ट उलटी घडली आहे. असुर हा शब्द जुना. त्याचा संबंध 'असु' म्हणजे प्राण, जीवनशक्ती याच्याशी जोडतात. यास्कांच्या निरुक्तातही इतर व्युत्पत्तींबरोबर ही दिली आहे. पुढे केव्हातरी लोकांना 'असुर'मधला 'अ' नकाराचा वाटू लागला आणि तो काढून 'सुर' हा नवा शब्द तयार झाला. ऋग्वेदाच्या जुन्या भागात असुर ही पदवी आहे, आणि ती आदराची आहे. वरुण असुर आहे. मित्र, अग्नी, सविता, रुद्र यांनाही असुर म्हटलंय, इंद्रालासुद्धा. तिसऱ्या मंडलातल्या पंचावन्नाव्या सूक्तात बावीस ऋचा आहेत आणि प्रत्येक ऋचेच्या शेवटी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: देवांचं थोर 'असुरत्व' एकच आहे. म्हणजे त्या ऋषींच्या कानाला देव आणि असुर हे शब्द एका वाक्यात, एकाच बाजूला, व्यवस्थित बसत होते.

आता इराण. पारशी बांधव ज्याची उपासना करतात तो अहुर मज्द. संस्कृतमधला 'स' अवेस्ताच्या भाषेत बऱ्याच ठिकाणी 'ह' होतो: सप्तसिंधूचं हप्त हेंदू, सोमाचं हओम. याच नियमाने असुराचं अहुर. मज्द हा शब्द आपल्या 'मेधा'च्या नात्यातला. तेव्हा जरथुष्ट्राचा परमेश्वर शब्दशः 'मेधावान असुर' आहे. आणि त्याच ग्रंथांत 'दएव' म्हणजे? ज्यांना नाकारायचं ते. यस्नाच्या बाराव्या प्रकरणात त्यांची श्रद्धेची प्रतिज्ञा आहे, त्यात दएवांशी संबंध तोडल्याचं जाहीर करावं लागतं. आजच्या फारसीतही 'दीव' म्हणजे राक्षस. शाहनाम्यात रुस्तम ज्याला मारतो तो पांढरा दीव.

माझ्या टीममध्ये एक पारशी मैत्रीण आहे. जेवायला बसलो असताना एकदा मी तिला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू ज्यांना नमस्कार करतोस ते माझ्याकडे राक्षस, आणि माझा खुदा तुझ्याकडे राक्षस. बरं. आता डबा उघड, भूक लागलीये."

डबा उघडला. पण प्रश्न काही पोटात गेला नाही. कारण ही दोन अनोळखी माणसांची गोष्ट नाही, सख्ख्या चुलत भावांच्या घरांची आहे. आपला यज्ञ त्यांचा यस्न. आपला होता हा ऋत्विज त्यांचा झओतर. आपला विवस्वानाचा मुलगा यम, त्यांचा वीवंघवंताचा मुलगा यिम. मित्र त्यांच्याकडे मिथ्र, अर्यमन् त्यांच्याकडे अइर्यमन, आणि अपां नपात् दोन्हीकडे जवळजवळ त्याच नावाने. त्यांच्या घरात लहान मुलाला शिकवतात ते तीन शब्द, हुमत, हूख्त, हुवर्श्त, म्हणजे चांगला विचार, चांगला शब्द, चांगली कृती. त्यातला हूख्त म्हणजे आपला 'सूक्त' हाच शब्द. एवढं सगळं सामाईक, आणि नेमका देव हाच शब्द उलटा.

सगळ्यात चकित करतो तो इंद्र. वेंदिदाद या ग्रंथात दएवांची नावं येतात त्यात इंद्र आहे, सउरु आहे (आपला शर्व) आणि नाओंघइथ्य आहे (आपले नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार). पण इंद्राचं आपल्याकडचं सर्वात मोठं बिरुद कुठलं? वृत्रहन्. तेच बिरुद अवेस्तात वेरेथ्रघ्न या नावाने स्वतंत्र पूजनीय यजत होऊन उभं आहे. विजयाचा यजत. त्याचंच पुढचं रूप बेहराम. उदवाड्याचा इराणशाह किंवा मुंबईतल्या चार अग्यारी ज्यांना 'आतश बेहराम' म्हणतात, त्या नावातला बेहराम हाच. म्हणजे एका घराने नाव टाकून दिलं आणि बिरुदाला देव्हाऱ्यात बसवलं. कोडमध्ये कधीकधी असं दिसतं: फंक्शन तेच, काम तेच, फक्त नाव ब्लॅकलिस्टमध्ये गेलंय.

हे कसं झालं याचं एक सोपं उत्तर पुण्याशी जोडलेलं आहे. मार्टिन हाउग नावाचे जर्मन पंडित १८६० च्या सुमारास पुण्यात संस्कृत शिकवत होते. पारशी धर्मग्रंथांवरचे त्यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यांचं म्हणणं असं की दोघांचे पूर्वज एकत्र होते, धर्मावरून भांडण झालं, आणि रागाच्या भरात प्रत्येकाने दुसऱ्याच्या दैवताला सैतान ठरवलं. अजूनही पुष्कळ ठिकाणी हीच गोष्ट सांगितली जाते. ती आकर्षक आहे, आपल्याला वाटण्यांची गोष्ट लगेच कळते. पण काळ जुळत नाही. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत असुर अजून मानाने नांदतोय. तो खलनायक होतो तो हळूहळू, ऋग्वेदाच्या शेवटच्या भागापासून ब्राह्मणग्रंथांपर्यंत. तिकडे देवांना नाकारणं जरथुष्ट्राच्या गाथांमध्येच सुरू झालेलं दिसतं. म्हणून आज बरेच अभ्यासक म्हणतात की हे दोन बदल आपापल्या घरात, आपापल्या कारणांनी झाले. मलाही हेच पटतं. एका भांडणाची दोन टोकं असती तर इंद्राबरोबर मित्रही पलीकडे राक्षस झाला असता, आणि वरुण आपल्याकडे. तसं झालेलं नाही.

आता खरा मुद्दा. हे कळल्यावर एक प्रतिक्रिया अशी येते, आणि ऑनलाइन वादांत मी ती खूप वाचली आहे, की बघा, देव आणि राक्षस ही नुसती लेबलं आहेत. तुमचा तो देव, माझा तो दानव. चांगलं-वाईट असं काही नसतंच. भक्ती करणाऱ्या माणसाला हे ऐकून दोन सेकंद पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. मलाही झालं होतं. पण जरा पुढे वाचलं की दिसतं, काय उलटलं यापेक्षा काय उलटलं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे.

ऋत उलटलं नाही. आपलं ऋत, त्यांचं अष (जुन्या पर्शियनमध्ये अर्त): जगाची सुरळीत चाल, सत्य, नेम. दोन्हीकडे ते वंदनीय. आणि त्याच्या विरुद्ध जे आहे तेही उलटलं नाही. अवेस्तात त्याला द्रुज् म्हणतात, म्हणजे खोटेपणा, फसवणूक. वेदात 'द्रुह्'. आपण मराठीत आजही म्हणतो तो 'द्रोह'. फारसीत खोट्याला आजही 'दोरूग' म्हणतात, तोही याच कुळातला. देव-असुर नावांच्या पाट्या बदलल्या, पण दोन्ही घरांपैकी एकानेही द्रोहाला कधी देव्हाऱ्यात बसवलं नाही. हजारो वर्षांत एकदाही नाही.

त्याहून पुढची गंमत म्हणजे दोन्ही परंपरांनी याची जवळजवळ एकच कथा सांगितली आहे. यस्नाचं तिसावं प्रकरण, म्हणजे खुद्द गाथा, म्हणते की आरंभी दोन जुळ्या वृत्ती होत्या. एकीने भलं निवडलं, एकीने वाईट. दएव निवड करायला बसले असताना त्यांना भूल पडली आणि त्यांनी चुकीचं निवडलं. लक्षात घ्या, त्यांना कोणी वाईट 'बनवलं' असं तिथे म्हटलेलं नाही. आता आपलं शतपथ ब्राह्मण उघडा, नववं कांड. देव आणि असुर दोघेही प्रजापतीची मुलं. बापाचा वारसा म्हणून दोघांना वाणी मिळाली, तिच्यात सत्यही होतं आणि असत्यही. दोघेही दोन्ही बोलत, म्हणून दोघे सारखेच होते. मग देवांनी असत्य सोडून सत्य धरलं, असुरांनी सत्य सोडून असत्य धरलं. तिथून ते वेगळे झाले. वंश एक, वारसा एक; फरक पडला तो काय धरलं आणि काय सोडलं याने.

शतपथाची कथा इथे थांबत नाही, आणि यापुढचा भाग कीर्तनात सहसा येत नाही. केवळ सत्य बोलणारे देव दीन झाले, गरीब झाले. असत्य बोलणारे असुर भरभराटीला आले. ग्रंथ सरळ सांगतो की सत्य बोलणाऱ्याचं आधी असंच होतं, अखेरीस मात्र तोच वर येतो.

आमच्या धंद्यात दर आठवड्याला प्रोजेक्टचं स्टेटस लाल, पिवळं की हिरवं ते सांगावं लागतं. बाहेरून हिरवं आणि आतून लाल अशा रिपोर्टला आम्ही 'कलिंगड' म्हणतो. माझ्या एका जुन्या कंपनीत एक टीम लीड होता, कलिंगड द्यायचा नाही. लाल असेल तर लाल. त्याच्या शेजारच्या टीमची कलिंगडं वर्षभर गोड लागली, त्यांना बढत्या मिळाल्या. याला 'निगेटिव्ह अॅटिट्यूड' असा शेरा मिळाला. शतपथ 'अखेरीस' म्हणतं, ते किती अप्रेझलनंतर ते सांगत नाही. त्याच्या बाबतीत ते 'अखेरीस' आलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही. आणि तरी, त्या मजल्यावर कोणाला शंका आली की आकडा खरा का, तर सगळे त्याच्याच टेबलाशी जायचे, शेरा लिहिणारा मॅनेजरसुद्धा. ते पाहिल्यावर मला ऋत म्हणजे काय हे थोडं कळलं. बढतीपेक्षा ते मोठं आहे असं म्हणणार नाही. घरी हप्ते असतात, त्यालाही होते.

दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण 'आम्ही सत्याचे, ते असत्याचे' हे वाक्य बोलायला फार सोपं आहे. इराणचा सम्राट दार्यवुश (दारियस) याने बेहिस्तूनच्या कड्यावर मोठा शिलालेख कोरून घेतला. त्याच्याविरुद्ध बंड केलेल्या प्रत्येक राजाबद्दल तो हेच सांगतो की हा खोटं बोलला. देश बिघडले ते 'द्रौग'मुळे. आता, सगळे बंडखोर लबाड आणि सिंहासनावर बसलेला एकटा खरा, हे कोणी ठरवलं? ज्याच्या हातात छिन्नी होती त्याने. त्याचा मुलगा क्षयार्श म्हणजे झर्क्सीस. त्याचा एक लेख १९३५ मध्ये पर्सेपोलिसला सापडला. त्यात तो अभिमानाने सांगतो की आधी जिथे दैवांची पूजा होत होती असं एक ठिकाण मी उद्ध्वस्त केलं आणि दैवांची पूजा करायची नाही असा हुकूम काढला. ते ठिकाण कुठलं, तिथली माणसं कोण, काही सांगत नाही. मी ते भाषांतर वाचलं तेव्हा 'दैव' या शब्दावर डोळे थांबले. राजाच्या नजरेत तिथले लोक राक्षसपूजक होते. त्यांच्या स्वतःच्या नजरेत ते सकाळी उठून देवाला फूल वाहणारे असतील, आपल्या आजीसारखे.

गाथांमध्ये निवड प्रत्येकाने स्वतः करायची होती. शिलालेखात ती राजाने इतरांसाठी केली. शब्द तेच राहिले. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाला 'आसुरी प्रवृत्ती' म्हणून हाकलताना मला हा शिलालेख आठवतो, आणि माझा अंगठा जरा हळू चालतो.

आपली परंपरा या बाबतीत राजांपेक्षा शहाणी आहे. दहाव्या अध्यायात भगवंत स्वतःच्या विभूती सांगताना म्हणतात की दैत्यांमध्ये मी प्रल्हाद. त्याच प्रल्हादाचा नातू बळी. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे बाया ओवाळताना बळीचं राज्य येवो म्हणतात, वामनाचं नाही. खंडोबाच्या कथेतला मणी हा दैत्य शेवटी शरण आला तर त्याला देवाजवळ जागा मिळाली. आणि देव? केनोपनिषदात विजय मिळाल्यावर हे आपलंच कर्तृत्व म्हणून देव फुगले. मग समोर ठेवलेली गवताची एक काडी अग्नीला जाळता आली नाही आणि वायूला हलवता आली नाही. देवाच्या बाजूला नाव असणं ही कायमची नोकरी नाही.

आता आजच्या श्लोकाकडे परत, कारण इथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. सगळं निवडीवर असेल तर भगवंत 'सृष्टीच दोन प्रकारची' असं का म्हणतात? काल अर्जुनालाही 'जन्मलेला' असंच म्हटलं. आणि पुढे एकोणिसाव्या श्लोकात द्वेष करणाऱ्यांना आसुरी योनीतच टाकण्याची भाषा आहे. हे तर कप्पे पक्के केल्यासारखं झालं. मला वाटतं उत्तर याच अध्यायात आहे. एकविसाव्या श्लोकात काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारं सांगितली आणि लगेच म्हटलं की म्हणून ही सोडावीत. बाविसाव्यात म्हटलं की यांतून सुटलेला माणूस परम गतीला जातो. जन्मानेच सगळं ठरलेलं असतं तर 'सोडावीत' हे सांगायचं कोणाला? आपण सगळे काहीतरी घेऊन जन्मतो, स्वभाव, घर, सवयी. शतपथातल्या त्या वारशासारखं, सत्य आणि असत्य एकाच गाठोड्यात. गाठोडं निवडता येत नाही, त्यातलं काय वापरायचं ते येतं.

शंकराचार्य तर याहून धीट आहेत. बृहदारण्यकात प्रजापती देव, मनुष्य आणि असुर या तिघांना एकच अक्षर 'द' देतात, आणि प्रत्येक जण त्यातून आपल्याला हवा तो उपदेश घेतो: दमन करा, दान करा, दया करा. त्यावर आचार्य लिहितात की देव किंवा असुर म्हणून माणसांहून वेगळे कोणी मानायची गरज नाही. माणसांतच जे संयमात कमी पडतात ते देव, लोभी ते मनुष्य, क्रूर ते असुर. म्हणून तिन्ही उपदेश आपल्यालाच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो.

मग मी कुठल्या बाजूला आहे हे मला कळणार कसं? छांदोग्यात इंद्र आणि असुरांचा राजा विरोचन (पुराणांत हाच प्रल्हादाचा मुलगा आणि बळीचा बाप) दोघेही प्रजापतीकडे आत्मा शिकायला जातात. दोघे बत्तीस वर्षं सारखंच ब्रह्मचर्य पाळतात, सारखंच उत्तर ऐकतात: पाण्यात दिसतो तो आत्मा. विरोचन खूश होऊन घरी जातो आणि देह हाच आत्मा असं सगळ्यांना शिकवतो. इंद्रही निघतो, पण वाटेत त्याला खटकतं: देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा होणार का? तो परत येतो. असा परत परत येत एकूण एकशे एक वर्षं राहतो. गुरू एक, पाठ एक. इंद्र शंका घेऊन परत फिरला एवढाच फरक.

सोळाव्या अध्यायातला आसुरी माणूसही बोलतो, तेराव्या ते पंधराव्या श्लोकांत: आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, या शत्रूला मारलं, बाकीच्यांनाही मारीन. त्या सगळ्या भाषणात प्रश्न एकच, माझ्यासारखा दुसरा कोण आहे, आणि त्याला उत्तर नकोच आहे. याउलट यस्नाचं चव्वेचाळिसावं प्रकरण पाहा. जरथुष्ट्र अहुराला एकामागून एक प्रश्नच विचारत जातो, मला खरं सांग म्हणून. सूर्याताऱ्यांची वाट कोणी आखली, पृथ्वीला खालून कोणी धरलं. वरुणाला 'माझं काय चुकलं ते सांग' म्हणून विनवणारे आपले वसिष्ठ त्याच्या शेजारी बसवले तर दोघांचं छान जमेल असं मला वाटतं. आणि पाचव्या श्लोकात अर्जुनाला धीर द्यावा लागला, तो का? मी तर आसुरी नाही ना, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर भगवंतांना दिसली असणार. दुर्योधनाला असा धीर कोणी दिल्याचं मला महाभारतात आठवत नाही, कारण त्याने तो कधी मागितलाच नाही.

उद्या सातवा श्लोक. आसुरी वृत्तीत काय काय नसतं याची यादी तिथे सुरू होते: शुचिता नाही, आचार नाही, आणि शेवटी सत्य नाही. ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय हाताशी ठेवा. तुमच्या ओळखीत कोणी पारशी असेल तर त्यांना हूख्त म्हणजे काय ते विचारून या, आणि उत्तर इथे लिहा.

राम कृष्ण हरी.